चावी कुणी फिरवली? एका प्रेस शॉपमधलं प्रकरण

हे प्रकरण चाकण परिसरातल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यातलं आहे. चारचाकी गाड्यांना लागणारे पत्र्याचे सुटे भाग तिथे बनतात. मी तिथे एचआर विभागात अंतर्गत संवादाचं काम पाहत होते. सूचनाफलक, गृहपत्रिका, नव्या मुलांचं पहिल्या दिवसाचं प्रशिक्षण, कार्यक्रमांची निवेदनं हे सगळं माझ्याकडे होतं. कंपनीचं आणि माणसांचं नाव मी देत नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घडलं ते मात्र जसंच्या तसं सांगते आहे, कारण त्यातली मोठी चूक माझ्या हातून झाली होती.

पार्श्वभूमी

प्रेस शॉप ही कारखान्यातली सगळ्यात आवाजाची जागा. पत्र्याचा कापलेला तुकडा, म्हणजे ब्लँक, डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे, पेडल दाबायचं. वरून रॅम खाली येतो आणि भाग तयार होतो. दिवसभर तेच. काही प्रेसना दोन बटणं असतात. ती दोन्ही हातांनी एकदम दाबावी लागतात, त्यामुळे हात आपोआप बाहेर राहतात. ज्या प्रेसबद्दल मी सांगते आहे तिला पेडल होतं. तिथे हात वाचवायला लाइट कर्टन एवढाच आधार. डायच्या समोर न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. त्यात बोट गेलं तरी मशीन थांबतं. डाय बसवताना सेटरला आत हात घालावाच लागतो, म्हणून कर्टन बाद करायची एक चावी असते. ती सेटरच्या खिशात असते.

जानेवारीतली सेकंड शिफ्ट. त्या दिवशी कर्टनच्या काचेवर तेलाचे बारीक थेंब बसत होते आणि मशीन दर दोन-चार स्ट्रोकला थांबत होतं. गेटवर माल न्यायला आलेली गाडी उभी होती. चावी फिरवली गेली. तासभर काम सुरळीत चाललं. मग एक भाग डायमध्ये अडकला. ट्रेनी ऑपरेटरने तो काढायला हात घातला, आणि पाय पेडलवरच होता. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक पहिल्या पेरापासून गेलं.

दवाखाना, ईएसआयचे कागद, सरकारी कार्यालयाला द्यायची सूचना, हे सगळं नियमाप्रमाणे झालं. चौकशी अहवालात कारण लिहिलं गेलं: ‘सुरक्षा साधन बंद असताना ऑपरेटरने डायमध्ये हात घातला.’ उपाय लिहिला गेला: ‘समुपदेशन व पुनर्प्रशिक्षण.’ फॉर्मवर ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारायला पाच ओळी होत्या. दोन भरल्या होत्या. साधन बंद का होतं, हा तिसरा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

पुढे ४ मार्च येत होता. राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली, म्हणून हा दिवस १९७२ पासून राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडच्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत त्या दिवशी झेंडा लागतो, हिरवे बिल्ले वाटले जातात, शपथ होते. त्या वर्षी मुख्य कार्यालयाचा निरोप आला की नुसती शपथ नको, आपल्याच माणसाची गोष्ट दाखवा, लोकांच्या मनाला भिडली पाहिजे. मला ते पटलं. आजही पटतं. मी त्या मुलाशी बोलले, सहा मिनिटांची फिल्म केली आणि संहिता स्वतः लिहिली. शेवटी तो कॅमेऱ्याकडे पाहून म्हणतो, “मी गार्ड चालू आहे की नाही बघितलं नाही. माझी चूक झाली. तुम्ही करू नका.” हे वाक्य माझं होतं. त्याने ते तिसऱ्या वेळी न अडखळता म्हटलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

प्रश्न काय होता

फिल्म कँटीनमध्ये दाखवली. संपल्यावर शांतता होती आणि मला वाटलं, भिडली. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “चावी कुणी फिरवली ते पण सांगा की.”

कुणी हसलं नाही, कुणी त्याला गप्प केलं नाही. प्लँट हेड साहेबांनी आभार मानले आणि कार्यक्रम आटोपला.

त्या एका वाक्याने मला कळलं की कारखान्यात या अपघाताच्या दोन गोष्टी चालू होत्या. एक अहवालातली, जी मी फिल्ममध्ये रंगवली. दुसरी चहाच्या टपरीवरची, बसमधली, लॉकर रूममधली. दुसऱ्या गोष्टीत गाडी होती, तेलाचे थेंब होते, चावी होती, फोन होता. पहिल्या गोष्टीत फक्त एक निष्काळजी मुलगा होता. लोकांनी दोन्ही ताडून पाहिल्या आणि कंपनी खोटं बोलते असा निष्कर्ष काढला. त्यांचं काही चुकलं नाही.

नंतरच्या आठवड्यांत ‘निअर मिस’च्या चिठ्ठ्या बंद झाल्या. थोडक्यात वाचलो, इजा झाली नाही, अशी घटना लिहून पेटीत टाकायची ही पद्धत. चिठ्ठ्या आधीही फारशा खऱ्या नव्हत्या. सुपरवायझरला महिन्याचं टार्गेट होतं, म्हणून महिनाअखेरीस एकाच अक्षरात सात-आठ चिठ्ठ्या पडायच्या: ‘फरशीवर तेल सांडलेले दिसले’, ‘पॅलेट वाटेत ठेवलेले दिसले’. मार्चनंतर तेवढ्याही येईनात.

फिल्म कुणीतरी मोबाइलवर टिपली होती. ती व्हॉट्सअॅपवरून त्या मुलाच्या गावापर्यंत पोचली. त्याच्या वडिलांनी फोन करून विचारलं, “पोरा, चूक तुझीच होती का रे?” हे त्याने मला एप्रिलमध्ये सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. त्यांना काय सांगितलंस, असं मी विचारलं. तो म्हणाला, “काय सांगणार मॅडम, व्हिडिओत मीच म्हणतोय ना.”

आमच्या प्रशिक्षणाच्या स्लाइडमध्ये एक आकडा वर्षानुवर्षं होता: ८८ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात. हा आकडा हर्बर्ट हाइनरिक यांचा. ते अमेरिकेतल्या ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीत होते. सुमारे ७५,००० औद्योगिक अपघातांच्या नोंदी तपासून त्यांनी १९३१ मध्ये मांडणी केली: ८८ टक्के असुरक्षित कृती, १० टक्के असुरक्षित परिस्थिती, २ टक्के टाळता न येणारे. गेली कित्येक दशकं या आकड्यावर टीका होते आहे आणि तिचा गाभा साधा आहे. त्या नोंदी विम्याच्या दाव्यांमधून आणि कारखान्यांनी भरलेल्या अहवालांमधून आल्या होत्या. अहवाल सुपरवायझर आणि मालक लिहीत होते. लिहिणारा स्वतःला सोडून कारण शोधत असेल, तर बहुतेक कारणं मशीनवरच्या माणसापाशी येऊन थांबणार. ही टीका मी त्या महिन्यात वाचली आणि आमच्या फॉर्मवरच्या दोन भरलेल्या ओळी डोळ्यांसमोर आल्या.

‘काहीही करा’

पर्यायांकडे वळण्याआधी ती दुसरी गोष्ट सांगायला हवी. ती मला सेटरने सांगितली. सगळे त्यांना मामा म्हणतात. खंडेनवमीला प्रेसच्या पूजेचा मान त्यांचा. झेंडूचा हार घालून, रॅमवर हळदकुंकू वाहून ते मशीनला हात जोडतात, तेव्हा शॉपमध्ये कुणी बोलत नाही. एप्रिलमध्ये एकदा जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

त्या दिवशी साडेसहाच्या सुमाराला ग्राहक कंपनीतून प्लँट हेड साहेबांना फोन आला होता. साहेबांनी प्लॅनिंगला फोन केला: “काहीही करा, पण गाडी आज निघाली पाहिजे.” प्लॅनिंगने शिफ्ट इनचार्जला सांगितलं: “साहेबांनी सांगितलंय, काहीही करा.” इनचार्जने सुपरवायझरला सांगितलं: “मशीन थांबता कामा नये.” सुपरवायझर मामांपाशी येऊन म्हणाला: “मामा, ते कर्टनचं बघा जरा.” आणि मामांनी चावी फिरवली. मुलाला कुणीच काही सांगितलं नाही. मशीन थांबायचं बंद झालं एवढंच त्याने पाहिलं.

“बघा जरा म्हणजे काय, हे तीस वर्षं काम केलेल्या माणसाला कळतं,” मामा म्हणाले. “पण तसं कुणी बोललेलं नाही. विचाराल तर प्रत्येक जण म्हणेल, मी असं कुठे सांगितलं.”

ही साखळी मी कागदावर उतरवली. साहेबांच्या डोक्यात ‘काहीही करा’चा अर्थ होता माणसं वाढवा, ओव्हरटाइम द्या. प्रत्येक पायरीवर वाक्य थोडं आखूड होत गेलं आणि अर्थ थोडा धारदार. शेवटच्या पायरीवर शब्द उरलेच नाहीत, चावी उरली. मी ज्या विभागात बसत होते त्याचं नावच संवाद होतं. गृहपत्रिकेतलं शुद्धलेखन मी तीन-तीनदा तपासायचे. कारखान्यात खरा संवाद या पाच माणसांच्या साखळीतून चालतो, आणि तिच्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

समोरचे पर्याय

मेमध्ये आम्ही बसलो: प्लँट हेड, एचआर प्रमुख, सुरक्षा अधिकारी, युनियनचे दोन प्रतिनिधी आणि मी. साखळीचा कागद त्याआधी मी साहेबांना एकट्यांना दाखवला होता. तो सगळ्यांसमोर ठेवला असता तर चर्चा तिथेच संपली असती. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “फोन मी केला होता. शब्द हेच होते.”

पहिला पर्याय होता काहीच न करण्याचा. फिल्म चांगली आहे, नव्या मुलांच्या प्रशिक्षणात ठेवू, लोक विसरतील. याच्या मागे भीती होती, आणि ती समजण्यासारखी होती. त्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ प्रमाणे यंत्रांना संरक्षक आवरण ठेवणं बंधनकारक. कलम ९२ प्रमाणे कायदा मोडल्यास भोगवटादार आणि व्यवस्थापक यांना दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकत होतं. साधन आम्हीच बंद करायला लावलं, हे उघडपणे म्हणणं सोपं नव्हतं. त्याच कायद्याचं कलम १११ कामगारालाही सांगत होतं की सुरक्षेच्या साधनात मुद्दाम ढवळाढवळ करू नये. म्हणजे मामाही अडकतात. सगळेच अडकतात म्हणून सगळेच गप्प, असा तो तिढा होता.

दुसरा पर्याय फिल्म दुरुस्त करण्याचा. चावीचा एक प्रसंग घाला, शेवटचं वाक्य काढा. हा मीच सुचवला होता. युनियनच्या प्रतिनिधीने एका वाक्यात निकालात काढला: “मॅडम, पुन्हा तुम्हीच लिहिणार ना?”

तिसरा, निनावी तक्रारीसाठी एक नंबर किंवा पेटी. सुरक्षा अधिकाऱ्यांचा याकडे ओढा होता. त्यांनी अमेरिकेतल्या विमान वाहतुकीचं उदाहरण दिलं, आणि त्यानेच आमची चर्चा पुढे सरकली. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूएचं फ्लाइट ५१४ वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे उतरताना व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं. ९२ जण गेले. चौकशीत कळलं की सहाच आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचं एक विमान त्याच मार्गाच्या त्याच संदिग्ध सूचनेमुळे त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत ते सांगितलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण गोष्ट कंपनीच्या भिंतीबाहेर गेली नाही. यातून १९७६ मध्ये गोपनीय नोंदींची व्यवस्था सुरू झाली आणि ती नासाकडे सोपवली गेली. नासाकडे वैमानिकाचं लायसन्स काढून घेण्याचा अधिकार नाही, म्हणून वैमानिक तिला सांगतील, हा विचार त्यामागे होता. आलेल्या गोष्टींमधल्या निवडक गोष्टी १९७९ पासून एका मासिक पत्रकातून सगळ्यांना परत वाचायला मिळतात.

आमची पेटी कोण उघडत होतं? ज्याच्या हातात शो-कॉज, म्हणजे ‘कारणे दाखवा’ नोटीस, होती तोच सुपरवायझर. आणि पेटीत टाकलेलं परत कुणाला ऐकू येत होतं? कुणालाच नाही. तिथे पेटीचा रंग बदलून उपयोग नव्हता. शिवाय एका शॉपमध्ये साठ-सत्तर माणसं, प्रत्येकाचं मशीन ठरलेलं. चिठ्ठी निनावी असली तरी कुणाची ते वाचताक्षणी कळतं.

चौथा पर्याय होता, ज्याच्याबाबतीत घडलं त्यानेच, शॉपमध्ये, आपल्या माणसांसमोर, आपल्या शब्दांत सांगायचं. झेरॉक्स कंपनीत १९८० च्या दशकात एका मानववंशशास्त्रज्ञाने कॉपिअर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहून अभ्यास केला होता. त्याला दिसलं की अवघड बिघाड ते मॅन्युअलमधून सोडवत नाहीत. जेवताना, चहा पिताना एकमेकांना ‘ते अमुक मशीन आठवतं का’ अशा गोष्टी सांगतात आणि त्यातून सोडवतात. पुढे कंपनीने तंत्रज्ञांच्या अशा युक्त्यांचा संग्रह उभारला, तेव्हा प्रत्येक युक्तीवर सांगणाऱ्याचं नाव असे. आमच्या टपरीवर नेमकं हेच चालत होतं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त तपशिलाची आणि जास्त उपयोगाची होती. ती ऐकायला आम्ही हजर नव्हतो, एवढंच.

अडचण युनियनने मांडली: “आज गोष्ट सांगायची आणि उद्या चार्जशीट.” यावर दोन तास गेले. शेवटी एक पानी लेखी करार झाला: या बैठकीत सांगितलेल्या, इजा न झालेल्या घटनेवरून सांगणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. दारू पिऊन काम, मारामारी हे त्यातून वगळलं. सह्या झाल्या. त्या पानावर एक भोक राहिलं होतं. ते पुढे येईलच.

काय केलं

आधी फिल्म थांबवली. गुपचूप काढून टाकण्याचा मोह होता, पण तिन्ही शिफ्टच्या सुरुवातीला साहेबांनी उभं राहून सांगितलं की ही फिल्म अर्धवट होती, म्हणून बंद करतो आहोत. मग त्या मुलाला विचारलं, तुला तुझी गोष्ट पुन्हा, तुझ्या शब्दांत सांगायची आहे का. तो नाही म्हणाला. मी आग्रह केला नाही. त्याच्या परवानगीने एचआर प्रमुखांनी त्याच्या वडिलांना फोन केला आणि सांगितलं की त्या दिवशी सुरक्षेचं साधन बंद होतं, ते त्याने बंद केलं नव्हतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात कंपनीने केलेलं सगळ्यात नीट काम हेच.

जूनच्या पहिल्या मंगळवारी शिफ्ट बदलताना, त्याच प्रेसपाशी पहिली बैठक झाली. दहा मिनिटं. हॉल नाही, माइक नाही. पहिली गोष्ट कोण सांगणार यावर वाद झाला होता. मामांनी सांगावी असं काहींचं म्हणणं होतं. मी ठाम विरोध केला. ज्याला गमवायला सगळ्यात जास्त आहे त्याने आधी बोलायचं आणि साहेबांनी ऐकायचं, ही आमची जुनीच पद्धत झाली असती. साहेबांनी सुरुवात केली. “जानेवारीत मी फोनवर म्हणालो, काहीही करा. मला म्हणायचं होतं माणसं वाढवा. मी तसं म्हटलं नाही. कर्टन त्रास देतोय हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नाही.” एवढंच. दोन मिनिटंही झाली नसतील.

त्या दिवशी दुसरं कुणी बोललं नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. तिसऱ्या मंगळवारी मामा हातातला स्पॅनर टेबलावर ठेवून म्हणाले, “चावी मी फिरवली.” मग त्यांनी काचेवर तेल कसं बसतं, कोणत्या डायला जास्त बसतं, पुसलं की किती वेळ टिकतं, सगळं सांगितलं. मेंटेनन्सचा माणूस तिथेच होता, तसा नियमच केला होता. कर्टन बसवल्यापासून हा तपशील त्याला कुणी सांगितला नव्हता. पुढच्या आठवड्यात काचेपुढे एक छोटं पत्र्याचं झाकण बसलं. तेल उडायचं बंद झालं नाही, पण काचेपर्यंत पोचेना.

बैठकीचे नियम थोडेच होते. ‘काय झालं’ इथून सुरुवात, ‘कुणामुळे’ हा शब्द पहिल्या दहा मिनिटांत नाही. सांगता येत नसेल तर हातांनी करून दाखवा. बाजूचा फळा फक्त उत्तरांसाठी: सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला सात दिवसांत उत्तर, आणि करणार नसू तर का नाही ते. चावी सेटरच्या खिशातून निघून शिफ्ट इनचार्जच्या पेटीत गेली, सोबत रजिस्टर आलं. गाडी थांबवून ठेवायचा अधिकार रात्रीच्या इनचार्जला लेखी दिला गेला. हे शेवटचं प्लॅनिंगला पटायला महिना लागला.

‘करून दाखवा’ हा नियम कंत्राटी मुलांमुळे आला. ती ओडिशा, बिहारमधून आलेली. मराठी बैठकीत ती मागे उभी राहायची, मान हलवायची. एकदा त्यातल्या एकाला मी हिंदीत विचारलं, तेरे साथ कुछ हुआ है? तो पुढे आला, ब्लँक उचलल्याचा अभिनय केला, हातमोज्याचं टोक पत्र्याच्या धारेत अडकून हात कसा आत ओढला जातो ते दाखवलं, आणि दुसऱ्या हाताने मोजा ओढून सोडवल्यासारखं केलं. एकही शब्द बोलला नाही. बाजूच्या तीन ऑपरेटरनी आपापले मोजे पाहिले. तिघांच्याही मोज्यांची टोकं तशीच फाटलेली होती. मोजे स्टोअरमधून एक साइज मोठे येत होते, कारण एकाच मापाची ऑर्डर स्वस्त पडायची.

काय झालं

चिठ्ठ्या परत सुरू झाल्या, वेगवेगळ्या अक्षरांत. काही मराठीत, काही हिंदीत, एक नुसतं चित्र काढून. टार्गेट आम्ही काढून टाकलं होतं. मुख्य कार्यालयाला त्यामुळे महिन्याचा तक्ता रिकामा दिसू लागला आणि दोनदा खुलासा द्यावा लागला.

सप्टेंबरमध्ये बैठका थंडावल्या. मला वाटलं लोकांचा उत्साह संपला. मामांनी फळ्याकडे बोट दाखवलं. दोन गोष्टींची उत्तरं तीन आठवडे लिहिली गेली नव्हती. त्यातली एक क्रेनच्या साखळीबद्दलची. खर्चाची मंजुरी अडकली होती आणि ‘अडकली आहे’ एवढं लिहायलाही कुणी गेलं नव्हतं. लिहिल्यावर पुढच्या मंगळवारी माणसं पुन्हा बोलायला लागली. नकार लोकांनी पचवला, गप्प बसणं नाही पचवलं.

आणि एक गोष्ट वाईट झाली. तोच, मोजा करून दाखवणारा मुलगा. ऑक्टोबरमध्ये त्याने एका बैठकीत सांगितलं की रात्रपाळीत त्याला डुलकी लागली होती आणि ब्लँक उलटा लागला. त्या रात्री त्याची लागोपाठ दुसरी शिफ्ट होती. ही गोष्ट सगळ्यात गरजेची होती. सुपरवायझरने ती कंत्राटदाराच्या माणसाला सांगितली, कदाचित वाईट हेतूने नसेलही. चार दिवसांनी तो मुलगा दिसेनासा झाला. आमच्या एक पानी करारात ‘कंपनीचे कर्मचारी’ असे शब्द होते. तो कंपनीचा कर्मचारी नव्हता. करार मोडला असं कायद्याने म्हणता येत नव्हतं. पुढच्या तीन मंगळवारी कंत्राटी मुलांपैकी एकही जण बैठकीला आला नाही.

आज पुन्हा करायचं असतं तर

फिल्म मी केलीच नसती असं मी म्हणणार नाही. गोष्टीत ताकद आहे म्हणूनच ती त्या मुलाच्या गावापर्यंत पोचली. पण त्याच्याकडे जाण्याआधी मी अहवालातल्या तीन रिकाम्या ओळी घेऊन शॉपमध्ये गेले असते. आणि तो एकटा सांगतोय अशी फिल्म केली नसती. साखळीतली पाच माणसं एकामागोमाग आपापलं वाक्य म्हणतायत, असं काहीतरी केलं असतं, किंवा त्यांची तयारी नसती तर काहीच केलं नसतं. ट्रेनीला कॅमेऱ्यासमोर नाही म्हणता येत नाही. त्याची संमती मी सही घेऊन मिळवली होती. कायम होण्याची वाट पाहणाऱ्या मुलाच्या सहीची किंमत मला तेव्हा कळायला हवी होती.

साहेबांनी आधी बोलणं हा निर्णय मी आजही तसाच घेईन. पण त्यांच्या दोन मिनिटांनंतर प्लॅनिंग आणि सुपरवायझर यांनीही आपली वाक्यं सांगायला हवी होती. ते दोघे कधीच बोलले नाहीत. ‘बघा जरा’ म्हणणारा सुपरवायझर त्या दिवशी काय दडपण घेऊन आला होता ते आम्ही ऐकलं नाही, आणि ऑक्टोबरमध्ये गोष्ट बाहेर नेणारा माणूस तोच होता. वरच्याला मोठेपणा मिळाला, खालच्याला संरक्षण मिळालं, मधला तसाच राहिला. मधल्या फळीसाठी वेगळी बैठक घ्यावी असं मी तेव्हा सुचवलं होतं, पण वेळ नाही म्हटल्यावर मी सोडून दिलं.

करारातले दोन शब्द बदलायला मात्र आम्ही लगेच बसलो. ‘कंपनीचे कर्मचारी’च्या जागी ‘शॉपमध्ये काम करणारी कोणतीही व्यक्ती’. कंत्राटदाराच्या ऑर्डरमध्येही तेच कलम घालायचं ठरलं. खरेदी विभागाने ते कायदेशीर सल्ल्यासाठी पाठवलं. मी ती नोकरी सोडली तेव्हा ते परत आलेलं नव्हतं. त्या मुलाचा मोबाइल नंबर कंत्राटदाराच्या रजिस्टरमधून मी उतरवून घेतला होता. बऱ्याचदा लावला. तो बंद आहे.